तांबड्याला लावलेलं वळण

२ फेब्रुवारी

नोकरी लागली. दोघांनाही. मी घोड्यांचा शिक्षक, माझा धाकटा भाऊ मोतद्दार. मागच्या जागेवरून निघून सात महिने झाले होते. तिथे एक घोडी पाय मोडून गेली, त्यात माझा दोष नव्हता, पण लोकांना कुणीतरी लागतंच बोट दाखवायला.

मालकांनी मुलाखत पागेतच घेतली. सोळा जनावरं. बहुतेक घोड्या, त्यांची शिंगरं, दोन म्हातारे खच्ची घोडे आणि एकच अंडील: तांबड्या. वय वर्षं सात. मान अशी की बघत राहावं. मालक म्हणाले, "मास्तर, घोडा देखणा आहे, पण बेअब्रू करतो."

झालं असं की मागच्या प्रदर्शनात, रिंगणाच्या ऐन मध्यावर, पाहुण्यांसमोर त्याने ती गोष्ट बाहेर काढली आणि पोटावर आपटत उभा राहिला. पहिल्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं, मग सगळा मंडप. मालकांनी आधीच्या शिक्षकाला त्याच संध्याकाळी घरी पाठवलं. (मी 'ती गोष्ट' असंच लिहिणार. वही खाजगी असली म्हणून काय झालं, हाताला वळण हवंच.)

पाच एप्रिलला पुढचं प्रदर्शन. त्यानंतर लगेच बाहेरच्या घोड्या त्याच्याकडे लावायला येणार. मालकांना दोन्ही हवं आहे. मी म्हणालो, "दोन महिन्यांत सुतासारखा सरळ करतो."

४ फेब्रुवारी

दिवसभर त्याच्यासमोर स्टूल टाकून बसलो. सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, सात वेळा. घोडी जवळ नाही, वास नाही, काही नाही. उभा असतो शांत, डोळे अर्धे मिटलेले, आणि सुरू. तीन-चार मिनिटं चालतं, मग आपोआप आवरतो आणि चंदी खायला लागतो, जणू काही घडलंच नाही. लाज म्हणून नाही.

जेवताना घरी सांगितलं. बायको मान खाली घालून हसायला लागली. विचारलं, हसायला काय झालं? म्हणाली, "काही नाही हो. मोजत बसलात?" धाकटाही ताटात बघून हसत होता. मी बघितल्यावर थांबला.

आमच्या लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली. या घरात तसलं कधी काही नसतं. तिची खोली तिकडे, माझी इकडे. शिस्त माणसाला जमते तर घोड्याला का नाही?

५ फेब्रुवारी

पागेची डॉक्टरीणबाई येऊन गेली. तिशीची असेल. मी अडचण सांगायला शब्द शोधत होतो, तर ही चारचौघांत, पाण्याच्या बादलीबद्दल बोलावं तसं बोलायला लागली. "मास्तर, हे सगळेच अंडील घोडे करतात. दर तास-दीड तासाला. रानातले करतात, खोगिराखालचे करतात, म्हातारे करतात. श्वास घेण्यासारखं आहे. त्याचं बी त्यात सांडत नाही, ताकद जात नाही. दुर्लक्ष करा."

म्हटलं, "आणि रिंगणात?"

"त्याला कामात ठेवा. मन कामात असलं की होत नाही. घोडीकडे नेताना तोंडाला वेगळी मोरखी बांधा, कामाला वेगळी. दोन दिवसांत कळतं त्यांना, कुठल्या मोरखीत काय करायचं ते. पण मारू नका. मारलंत तर तो हे थांबवणार नाही. तुमची धास्ती घेईल, आणि पुढे घोडीजवळ गेल्यावर तुम्हीच पस्तावाल."

धाकटा तोंड उघडं टाकून ऐकत होता. मी त्याला शेण काढायला पाठवलं.

९ फेब्रुवारी

सुरुवात केली. साधी पद्धत आहे. मी दाराआड उभा राहतो. त्याने ती गोष्ट काढली की मी घसा खाकरतो, जोरात, आणि लगेच चाबूक, पोटाखालून. खाकरण्याचा अर्थ त्याला कळला की पुढे चाबूक लागणार नाही. हे दयेचंच काम आहे.

पहिल्या दिवशी नऊ वेळा. वाढलं. हट्टी आहे.

धाकट्याला धरायला सांगितलं तर दोर नीट धरत नाही. म्हणतो, "दादा, त्याला कळत नाहीये कशाबद्दल मारतोय आपण." मी म्हटलं, तुला कळतं ना, पुरे.

१२ फेब्रुवारी

अकरा वेळा. डॉक्टरीणबाईच्या जिभेला यश आलं म्हणायचं! पण मी हार मानणारा नव्हे. त्याला शेवटच्या ठाणात हलवला. तिन्ही बाजूंनी फळ्या ठोकल्या, उंच. घोड्या दिसायच्या बंद, शेजारी कुणी नाही. त्या गोष्टीला प्लास्टिकचं कडंही चढवलं, फुगली की आवळतं. जुन्या शिक्षकांनी वापरलेलं साधन आहे.

दुपारभर खिंकाळत होता. घोड्या पलीकडून उत्तर देत होत्या. कान किटले.

२० फेब्रुवारी

कड्याने कातडं सोललं. काढावं लागलं. आता पट्टा: पोटाखालून बांधायचा, आतून तारेचा ब्रश. आपटला तर स्वतःलाच टोचेल. म्हणजे मी मारतो असं नाही, तोच स्वतःला शिकवतो.

पट्टा धाकट्याकडून शिवून घेतला, चामड्याचं काम त्याचं चांगलं. दोन दिवस लावले. मी ओरडल्यावर एका तासात झाला.

बांधताना म्हणाला, "दादा, राहू दे ना." एवढंच. मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्याने बक्कल लावलं.

पहिल्यांदा ब्रश लागला तेव्हा तांबड्या ओरडला नाही. नुसता मागे सरकत गेला, ढुंगण फळीला लागेपर्यंत, आणि मग आणखी सरकायला बघत राहिला. दार लावताना माझी कडी दोनदा चुकली. वय झालं.

१ मार्च

गवतवालीबद्दल लिहायला हवं. दर दोन दिवसांनी गाडी भरून गवत आणते. चाळिशीची, नवरा वारलेला, तोंडाला कुलूप नाही. आज ठाणाजवळ येऊन पट्टा पाहिला आणि मला म्हणाली, "अहो मास्तर, घोडा आहे तो, संन्यासी नाही." आणि धाकटा हसला. मोठ्याने. बेचाळीस वर्षांच्या माणसाला असं दात काढून हसताना मी वीसेक वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग गाडी रिकामी करायला अर्धा तास लागला. गवत तेवढंच होतं.

मी जाणतो हे कसं सुरू होतं. तो विशीत होता तेव्हा मला त्याच्या उशीखाली पत्रं सापडली होती. आईवडील नव्हते, जबाबदारी माझी. मी त्याला मागच्या खोलीत ठेवलं. नऊ दिवस. जेवण दोन्ही वेळचं दिलं, कुणी म्हणू नये उपाशी ठेवलं. बायको दाराशी बसून रडायची, तिलाही समज दिली. नवव्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने पत्रं चुलीत घातली. त्यानंतर आजतागायत एक तक्रार नाही. लोक म्हणतात, भाऊ असावा तर असा.

संध्याकाळी त्याला सांगितलं, गवत उतरवून घ्यायला उद्यापासून मी उभा राहीन. "बरं दादा," म्हणाला.

१२ मार्च

चार दिवस तापाने पडून होतो. आज पागेत गेलो तर तांबड्या रिंगणात. पट्टा नाही. धाकटा लांब दोरावर त्याला दुडक्या चालीने फिरवतोय आणि घोडा मान वळवून, कान त्याच्याकडे लावून, लोण्यासारखा चालतोय. ती गोष्ट नाही, काही नाही. एका घोडीला मुद्दाम कुंपणाशी बांधलं होतं. तांबड्याने एकदा तिच्याकडे पाहिलं, धाकटा नुसतं "चल" म्हणाला, आणि तो चालला.

डोक्यावर पांढऱ्या दोराची मोरखी. मी विचारलं, ही कुठली?

"दादा, ही कामाची. पितळी कड्यांची ती घोडीसाठी. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं ना. तीन दिवसांत कळलं त्याला." चेहरा असा फुललेला, जणू बक्षीस घ्यायला आलाय. "ठाणात करतो तो त्याचं त्याचं, पण इथे नाही करत. बघ ना."

कुंपणापलीकडे गवतवाली उभी होती. टाळ्या वाजवत होती.

दोन मोरख्या म्हणजे घोड्याशी करार करणं. इथे कर, तिथे नको. मी करार करत नाही. इथेही नाही आणि तिथेही नाही, मी सांगेन तेव्हाच, याला शिक्षण म्हणतात. शिवाय माझ्या परवानगीशिवाय. पांढरी मोरखी कापून टाकली. त्यालाच कापायला लावली. पट्टा परत बांधला.

खरं लिहायचं तर क्षणभर मनात आलं, घोडा चांगला चालत होता. पण तो धाकट्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

गवतवालीला सांगितलं, गाडी फाटकाबाहेरच रिकामी करायची.

२४ मार्च

शून्य.

२६ मार्च

शून्य. सलग तिसरा दिवस. मी आता नुसता दारात येतो, खाकरावंही लागत नाही. मला पाहिलं की तोंड कोपऱ्यात घालून उभा राहतो, पोट आत ओढून. चंदी थोडी उरवतो आहे. जाडही झालाच होता जरा.

५ एप्रिल

प्रदर्शन. संपूर्ण यश! भरगच्च मंडप, शेजारच्याच रांगेत माजावर आलेल्या घोड्या, आणि हा सरळ, दगडासारखा. एकाही माणसाला हसायला जागा मिळाली नाही. मालकांनी सगळ्यांसमोर माझा हात हातात घेतला. "मास्तर, जादू केलीत."

डॉक्टरीणबाई तिथेच होती. ती घोड्याकडे बघत होती, कानांकडे, डोळ्यांकडे. अभिनंदन करायला काही आली नाही. लोकांना दुसऱ्याचं यश बघवत नाही.

बायकोला घरी सांगितलं. म्हणाली, "छान झालं." मग भांडी घासायला गेली.

१४ एप्रिल

पहिली बाहेरची घोडी आली. पांढरी, मोठ्या घराण्यातली. तिचा मालकही सोबत. धाकट्याने तांबड्याला आणलं, मी मागे. सुरुवात व्यवस्थित. लांबूनच मान उंचावली, जवळ जाऊन वास घेतला, वरचा ओठ वळवून दात दाखवत आकाशाकडे बघत राहिला, हे सगळे घोडे करतात. घोडी शेपटी बाजूला करून उभी. तयार झाला. आणि मला धुळीने खोकला आला.

तत्क्षणी सगळं संपलं. पाठीत वाकला, मागे मागे सरकला, अंगभर कापरं, आणि उभ्या उभ्या लघवी केली.

घोडीचा मालक म्हणाला, "हाच का तो?"

१७ एप्रिल

पुन्हा नाही. या वेळी मी लांब उभा होतो. तो घोडीकडे बघतच नव्हता, मला शोधत होता.

१९ एप्रिल

नाही. ठाणात परत आणल्यावर चाबूक दिला. नको तेव्हा सुचतं, हवं तेव्हा नाही, याला काय म्हणायचं? मुद्दाम करतोय. मला खाली बघायला लावायचंय त्याला.

धाकटा मध्ये आला. घोडा आणि मी यांच्या मध्ये उभाच राहिला, हात पसरून. एक फटका त्याला बसला, खांद्यावर. मी मारला नाही, तो आला म्हणून बसला. रात्री बायको त्याच्या खांद्याला काहीतरी लावत होती. माझ्याशी दोघंही बोलले नाहीत. तीन माणसांच्या घरात दोघं गप्प बसली की ताटांचे आवाज फार होतात.

२३ एप्रिल

तांबड्या स्वतःची कूस चावतोय. दोन्ही बाजूंनी रक्त. मान वळवतो, दात रुतवतो, स्वतःच दुखून किंचाळतो आणि पुन्हा चावतो. मी गळ्याला काठ्यांचं लोढणं बांधलं, म्हणजे मान वळणार नाही.

डॉक्टरीणबाईने पाहिलं. दोन्ही जखमा बोटांनी चाचपल्या. मग म्हणाली, "त्याला वाटतं तेव्हा दुखतं, एवढंच तुम्ही शिकवलंत त्याला. आता त्याला घोडी दिसली की दुखणार हे माहीत आहे. त्याने काय करावं, सांगा ना तुम्हीच." मी म्हटलं, बाई, मी तीस वर्षं घोडे शिकवतोय. ती म्हणाली, "मी मालकांशी बोलणार आहे. एप्रिल संपेपर्यंत त्याला घोडीजवळ नेऊ नका. कुणाचा तरी जीव जाईल."

मालकांनी उलट सांगितलं. पांढरीचा मालक शेवटचा एकदा येणार, एकोणतीसला. नाही जमलं तर, म्हणाले, "मग तुमचं आणि माझंही जमायचं नाही."

२९ एप्रिल

आजच लिहून ठेवतो, म्हणजे क्रम विसरणार नाही.

धाकट्याने सकाळीच सांगितलं होतं, "दादा, मी एकटा नेतो. तू घरी थांब. तू नसलास तर जमेल." मी म्हटलं, माझ्याशिवाय काय जमणार आहे तुला?

घोडी बांधलेली. दोन्ही मालक कठड्याशी. धाकटा दोर धरून तांबड्याच्या खांद्याशी, कानात काहीतरी पुटपुटत. लोढणं काढलं. तो पुढे गेला, वास घेतला. थांबला. मी मागे होतो, चाबूक खाली धरून. मिनिट गेलं. पांढरीच्या मालकाने घड्याळ पाहिलं. मी चाबूक वाजवला, हवेत, फक्त हवेत.

तांबड्या वळला. माझ्याकडे नाही. जो सगळ्यात जवळ होता त्याच्याकडे. धाकट्याने दोर सोडला असता तर वाचला असता. सोडला नाही. घोड्याने त्याचा जबडा दातांत धरून त्याला उचललं, झाडलं आणि खाली टाकून पुढचे पाय दिले. दोनदा. मग बाजूला जाऊन उभा राहिला, कापत.

मी चाबूक धरून उभा होतो. हललो नाही. का हललो नाही ते मला सांगता येत नाही.

३० एप्रिल

जिवंत आहे. जबडा तीन ठिकाणी मोडला, तारांनी बांधलाय. डावा हात कोपरातून गेला तो गेलाच. महिनाभर बोलता येणार नाही, पुढेही स्पष्ट येईल की नाही सांगत नाहीत. बायको तिथेच आहे. बाहेर बाकावर गवतवाली बसली होती. हिला कुणी कळवलं?

३ मे

मालकांनी बोलावलं. डॉक्टरीणबाई टेबलाशी उभी, टेबलावर तो पट्टा. ब्रशच्या तारांत केस आणि वाळलेलं रक्त. तिने घोड्याच्या पोटाचे फोटो मांडले. मालकांचा चेहरा पांढरा. त्यांनी कधी ठाणात वाकून पाहिलंच नव्हतं. "मास्तर, हे कुणाचं काम?"

मी या पानावर खोटं लिहिणार नाही. मला घाम आला. एकावन्न वय, पुन्हा कोण ठेवून घेणार? दोघांची नोकरी जाण्यापेक्षा एकाची जावी, आणि त्याची तर तशीही गेलीच, एका हाताने खरारा कसा करणार? मग त्याच्या औषधपाण्याला कुणी तरी कमावतं नको? हा हिशोब एका क्षणात डोक्यात झाला. म्हणालो, "भावाने शिवलाय तो. शिवण बघा, त्याच्याच हातची आहे."

हे शब्दशः खरं आहे.

डॉक्टरीणबाई म्हणाली, "मी त्यालाच विचारते."

४ मे

सगळे दवाखान्यात गेलो. त्याला उशीला टेकवून बसवलं. मालकांनी कागद पुढे केला आणि विचारलं, हा पट्टा, हे सगळं, तू केलंस का? कुणाला घाबरू नकोस. डॉक्टरीणबाईने त्याच्या उजव्या हातात पेन दिलं. "खरं लिहा," म्हणाली, "मी आहे इथे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी काही केलं नाही, शपथेवर सांगतो. घशात खवखव होती म्हणून फक्त खाकरलो.

त्याने लिहिलं: हो.

डॉक्टरीणबाईने कागद उचलला, बघितला, परत ठेवला आणि बाहेर गेली. बायको खिडकीशी उभी होती. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी तिला ओळखलं नाही.

मला भरून आलं. एवढं दुखत असताना, मरता मरता वाचलेला माणूस, आणि तरी भावाला पाठीशी घालतो. हे प्रेम नाही तर काय?

११ मे

तांबड्याला खच्ची केलं. मालक म्हणाले, बी तरी कुठे मिळणार होतं, निदान बसायला उपयोगी पडेल. डॉक्टरीणबाईने काम केलं, औषधांची पेटी आवरली आणि सांगून गेली की या पागेत ती पुन्हा येणार नाही. घोडा भूल उतरल्यावर उठला आणि मी ठाणाच्या दारात दिसताच कोपऱ्यात गेला. त्याला अजून माहीत नाही की आता गरज उरली नाही.

मी कामावर कायम आहे.

२६ मे

धाकट्याला घरी आणून आठवडा झाला. बायको सगळं पातळ करून चमच्याने भरवते, अर्धं ओघळतं. ती माझ्याशी बोलत नाही, पण ताट वेळेवर येतं.

आज दुपारी गवतवाली आली. गाडी दारात उभी केली, धुतलेली, आत सतरंजी घातलेली. म्हणाली, "मी त्याला न्यायला आलेय. माझ्याकडे खोली आहे. बोलता येत नसलं तरी चालेल, मी दोघांपुरतं बोलते."

मी उंबऱ्यात उभा होतो. म्हटलं, तो कुठेही जाणार नाही, त्याची तशी इच्छा नाही.

"त्याला म्हणू दे," ती म्हणाली. मग माझ्या खांद्यावरून आत हाक मारली. मोठ्याने, तीनदा. आतून बायकोचा आवाज आला, "भाऊजी, उठा. जा. मी कपडे बांधून ठेवलेत." अठ्ठावीस वर्षांत तिचा असला आवाज मी ऐकला नव्हता.

मला भांडण नको होतं. मी उंबरा सोडला, अंगणात जाऊन उभा राहिलो, आणि म्हटलं, जायचं असेल तर जाऊ दे बापडा, मी कुठे अडवलंय.

आम्ही तिघं थांबलो. मी अंगणात, ती गाडीशी, बायको गाठोडं घेऊन आतल्या दाराशी. तो खाटेवर बसलेला मला बाहेरून दिसत होता. पाय जमिनीवर, उजवा हात गुडघ्यावर. घामाने शर्ट भिजला होता. पाव तास गेला असेल. मग ती गाडीत चढली आणि मागे न बघता गेली.

कुणीही त्याला धरलं नव्हतं. दार सताड उघडं होतं. तो उठला नाही.